कोयता, काठी आणि परवाना : डहाणू-तलासरीतील शस्त्रबंदीचा इतिहास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धारदार लोखंड कमरेला लावून आठवडे बाजारात, किराणा दुकानात किंवा चहाच्या हॉटेलात जाण्याची रीत फार जुनी आहे. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी अशा आदिवासी समाजांच्या या पट्ट्यात पुरुषाच्या कमरेला कोयता दिसला तर कोणी मान वळवून पाहत नाही. बंदूक खांद्याला लावून कोणी त्याच हॉटेलात शिरला तर मात्र बाकावरची माणसे उठून जातील आणि पोलीस पाटलाला निरोप जाईल. या दोन वस्तूंपैकी कोणती अवजार आणि कोणती हत्यार, हे कोणी ठरवायचे, याचा या भागात जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कायदा आहे, वेठबिगार आहे, गोळीबार आहे. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने समोरच्याच्या हातातल्या वस्तूला प्रत्येक वेळी आपल्या सोयीचे नाव दिले, असेच तो पाहताना वाटते.

आधी कोयत्याविषयी. कमरेच्या दोरीला मागच्या अंगाला एक आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयत्याचे पाते अडकवायचे असते. मूठ वर राहते. हात मागे नेला की कोयता हातात येतो, आणि एरवी डोक्यावर मोळी असो की कडेवर मूल, दोन्ही हात मोकळे राहतात. त्याला वर्षभर काम असते. पावसाळ्याआधी राब भाजायचा तर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या उतरवाव्या लागतात. झोपडीच्या कुडासाठी कारवी तोडायची, कुंपणाची काटेरी सावरायची, बांबू फोडायचा, लाकूडफाटा आणायचा, वाटेवर आलेला साप मारायचा. गवताच्या हंगामात त्याच्या जोडीला विळा येतो, जंगलातल्या कुपाच्या कामावर कुऱ्हाड. रानातून परतताना वाटेत दुकान लागले म्हणून माणूस कोयता कुठे काढून ठेवत नाही. ठेवणार तरी कुठे? दुकानदारालाही त्याचे काही वाटत नाही. तेलमीठ घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीशी लटकणारे ते पाते त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

तीरकामठ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा उपयोग शिकारीचा, म्हणून तो गावठाणात कमी आणि रानात जास्त दिसायचा. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या वारली चित्रांत तीरकामठा घेतलेली त्रिकोणी माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. भिंतीवर तो टिकला, रानात मात्र हळूहळू दिसेनासा झाला. त्यामागे जंगल विरळ होणे हे एक कारण होते आणि कायदा हे दुसरे.

१८७८ या एकाच वर्षी कलकत्त्याच्या सरकारने दोन कायदे केले. त्या वर्षीचा सातवा कायदा जंगलाचा आणि अकरावा शस्त्रांचा. इतिहासाच्या पुस्तकांत ते वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. शस्त्र कायदा राष्ट्रवादाच्या प्रकरणात, जंगल कायदा पर्यावरणाच्या. डहाणू-तलासरी ज्यात मोडत त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यासाठी मात्र दोन्हींचा फास एकच होता. राखीव जंगलात शिरून फांदी तोडणे किंवा शिकार करणे पहिल्याने गुन्ह्यात ढकलले, आणि दुसऱ्याने शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीला धनुष्यबाणही बसवला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन हिंडणे गुन्हा ठरले. तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या डोळ्यांसमोर १८५७ चा उठाव होता, वारल्याचा तीरकामठा नव्हता. पण व्याख्या एकदा लिहिली की ती कोणालाही लागू करता येते.

परवाना कोणाला मिळे, यात या कायद्याचे सगळे मर्म आहे. युरोपियनांना सुरुवातीला बरीच सूट होती. संस्थानिक, पदवीधारी, मोठे जमीनदार यांच्यासाठी सवलती होत्या. बाकीच्यांनी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. अर्जदाराची पत, मालमत्ता आणि वर्तणूक यांची चौकशी खालच्या अधिकाऱ्यांमार्फत व्हायची. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला अर्ज लिहिता येत नाही आणि ज्याची वर्तणूक सांगायला सावकारच हजर, त्याच्यासाठी ती वाट बंदच होती. याच काळात दक्षिणेत कुर्गच्या कोडवा समाजाला शस्त्र कायद्यातून माफी होती. ती आजही टिकून आहे आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला २०२९ पर्यंत मुदतवाढ दिली. कोडव्यांच्या सणासमारंभात बंदूक मानाने मिरवली जाते. लढवय्या आणि इमानी अशी ज्या समाजाची नोंद इंग्रजांच्या दप्तरी झाली त्याची परंपरा मान्य झाली. डोंगरातल्या मजुराच्या परंपरेला तसा कोणी वाली नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डहाणू आणि तलासरी ज्यात होते तो त्या वेळचा उंबरगाव तालुका येथील बहुतेक जमीन आदिवासींच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेली होती. कालपर्यंतचा मालक आज त्याच शेताचा कूळ झाला होता. सावकाराच्या शेतावर, वाडीवर, घरी फुकट राबायचे ही वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की ते फिटेपर्यंत नवराबायकोने सावकाराकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत, आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. १९३५ च्या कायद्याखाली हा भाग ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरला. त्याची पाहणी करायला मुंबई सरकारने आयसीएस अधिकारी सिमिंग्टन यांना नेमले. त्यांच्या अहवालात वेठबिगारीचे, मारहाणीचे आणि बायकांवरच्या अत्याचारांचे वर्णन आहे. हा अहवाल एका सरकारी अधिकाऱ्याने लिहिलेला आहे, चळवळीतल्या माणसाने नव्हे. म्हणून तो अधिक बोलका ठरतो. त्यावर फारसे काही झाले नाही.

जे झाले ते १९४५ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली आणि तिला उंबरगावकडचे काही वारली हजर राहिले. त्यानंतर सभेचे कम्युनिस्ट कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी या भागात काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम करायचे नाही, मार खाऊन गप्प बसायचे नाही, असे तिथे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत वेठ आणि लग्नगडीची पद्धत गावोगाव कोसळली. यासाठी कुठे हत्यार उचलावे लागले नाही. हजारो माणसे एका दिवशी कामावर गेली नाहीत, एवढेच घडले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा काळ लिहिला. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पावसाळा संपता संपता गवताचा प्रश्न पुढे आला. या भागातले गवत गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जाई आणि त्याच्या कापणीवर जमीनदार व व्यापारी यांचा मोठा नफा उभा होता. किसान सभेने पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली. मालक कबूल होईनात. विळे खाली राहिले आणि गवत उभ्याने वाळू लागले.

तलासरीजवळच्या तलवाडा येथे १० ऑक्टोबर १९४५ रोजी जे घडले त्याचे मूळ एका अफवेत होते. गोदावरीबाईंची सभा आहे, जमीनदारांचे गुंड त्यांच्यावर चालून येणार आहेत, त्यांना वाचवायला काठ्या घेऊन चला, असा निरोप रातोरात पाड्यापाड्यांवर फिरला. तो जमीनदारांच्या गोटातूनच सोडला गेला होता, असे किसान सभेचे म्हणणे. सभा ठरलेली नव्हती. तिकडे पोलिसांना कळवण्यात आले की हत्यारबंद वारली लूट आणि खून करायला जमले आहेत. किसान सभेच्या वृत्तांतानुसार त्या रात्री तीस हजारांच्या आसपास माणसे जमली. हातात काठ्या होत्या, आणि कमरेला कोयता तर रोजचाच. पोलिसांनी गोळीबार केला आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत अधूनमधून चालू राहिला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले, अनेक जखमी झाले.

या घटनेत शस्त्राचा प्रश्न जितका उघडा पडतो तितका क्वचित कुठे पडला असेल. लोकांना ‘काठ्या घेऊन या’ असे सांगणारा आणि पोलिसांना ‘काठ्या घेऊन आले आहेत’ असे सांगणारा, किसान सभेचे म्हणणे खरे मानले तर, एकच होता. सकाळी ज्या कोयत्याने फांद्या तोडल्या तो रात्री पोलिसांच्या लेखी हत्यार झाला. कोयत्यात काही फरक पडला नव्हता. तो लावणारा माणूस एकटा न राहता हजारोंबरोबर उभा होता, आणि मजुरी मागत होता. गोळ्या झेलूनही वारल्यांनी जमीनदारांच्या वाड्या पेटवल्या नाहीत, संपही मोडला नाही. परुळेकर दांपत्यावर पुढे जिल्हाबंदी आली, सभांवर बंदी आली, तरी चळवळ थांबली नाही. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी दिवसाला सव्वा रुपयाची मागणी घेऊन नवा लढा उभा राहिला. तोवर मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा पाच आदिवासी मारले गेले. सरकार बदलले, गोळीबाराची रीत तीच राहिली. १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या स्मरणासाठी तलासरीत आजही लाल बावट्याखाली लोक जमतात.

नानिवलीनंतर अवघ्या सात वर्षांत याच माणसांच्या हातातील हत्यारांकडे पाहण्याची नजर बदलली. तलासरीच्या पूर्वेला लागून दादरा आणि नगर हवेली हा पोर्तुगिजांच्या ताब्यातला मुलूख होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो मुक्त झाला. एका बाजूने आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते आणि त्यांच्यासोबत संगीतकार सुधीर फडके असे लोक शस्त्रे जमवून आत शिरले. दुसऱ्या बाजूने परुळेकरांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि वारली होते. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाईच होते. सीमेपलीकडे पोर्तुगीज शिपायासमोर उगारलेल्या हत्याराबद्दल अलीकडच्या कोणाला परवाना मागावासा वाटला नाही. ही विसंगती त्या काळी फारशी कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही, कारण विजयाचा आनंद खरा होता.

दरम्यान दिल्लीत या प्रश्नाचा तात्त्विक निकाल लागून गेला होता. इंग्रजांच्या शस्त्र कायद्यावर काँग्रेस पहिल्या काही अधिवेशनांपासून टीका करत आली होती. १९३१ च्या कराची ठरावात तर मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट लिहिला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क मसुद्यात घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो सांगू लागेल, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. उलट अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देताना ‘शांततेने व विनाशस्त्र’ अशी अट आली. शिखांच्या कृपाणाला अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात स्वतंत्र जागा मिळाली. कोयत्याचा उल्लेख संविधानात नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. मात्र ‘विनाशस्त्र’ या शब्दाचा अर्थ तलासरीच्या मोर्चात काय लावायचा, हे त्यामुळे खालच्या अधिकाऱ्यांवर सोपवले गेले.

१९५९ च्या नव्या शस्त्र कायद्याने, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, या गोंधळातला एक भाग सोडवला. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नव्हेत असे त्यात म्हटले आहे, आणि उदाहरण म्हणून लाठी व साधी हातातली काठी यांचे नाव घेतले आहे. १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, सुरे, भाले यांना शस्त्र मानले. शेतीची आणि घरची अवजारे तिथेही वगळली. शिवाय अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो सरकारने अधिसूचित केलेल्या भागातच. या हिशेबाने रानातून येताना बाजारात शिरलेला कोयतेवाला निर्धास्त झाला. बंदुकीसाठी परवाना सगळीकडेच आवश्यक राहिला. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय मात्र कायद्यात ठेवली गेली. वन्यजीवांच्या १९७२ च्या कायद्याची व्याख्या पुन्हा वेगळी. त्यात धनुष्यबाण, सुरी, गळ, जाळे, सापळा, विष हे सगळेच हत्यार आहे. थोडक्यात, एकाच माणसाच्या एकाच झोपडीतल्या वस्तू कोणत्या कायद्याचे पुस्तक उघडले जाते त्यावर आपले नाव बदलतात.

दुकानात किंवा हॉटेलात बंदूक उघड मिरवण्याचा वाद ज्या देशात सर्वांत पेटला तो अमेरिका. तिथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क मानला जातो. टेक्सास राज्याने १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघड लावून फिरण्याची मुभा दिली. ज्या दुकानदाराला ते नको त्याने दारावर ठरलेल्या मजकुराची पाटी लावायची. त्याआधी २०१३ मध्ये स्टारबक्स या कॉफी दुकानांच्या साखळीने ग्राहकांना बंदुका बाहेर ठेवण्याची विनंती केली होती. बंदी घातली नाही, केवळ विनंती केली, यावरून तिथल्या व्यापाऱ्याची अडचण कळते. पण डहाणूच्या इतिहासाशी जास्त जवळचा प्रसंग १९६७ चा आहे. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते बंदुका उघड घेऊन रस्त्यांवर पोलिसांवर पाळत ठेवू लागले आणि मे महिन्यात थेट राज्याच्या विधानभवनात शिरले. तोवर भरलेली बंदूक उघड बाळगणे तिथे कायदेशीर होते. त्याच वर्षी मलफर्ड कायदा करून ते बंद करण्यात आले आणि त्यावर राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी सही केली. जो हक्क गोऱ्या शेतकऱ्याच्या हाती परंपरा वाटत होता तो दुसऱ्या हातात गेल्यावर धोका वाटू लागला.

भारतातल्या नियमांनी अलीकडे उघडपणालाच हात घातला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानातच ठेवायचे, लांब बंदूक तिच्यासाठीच्या पिशवीत, आणि शस्त्र पूर्ण झाकलेले हवे. चारचौघांत ते उगारणे किंवा उडवणे मना आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेऊ नये, ही अट परवान्यावर पूर्वीपासून आहे. म्हणजे चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला जाणाऱ्याने बंदूक घरीच ठेवायची. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याला शिक्षा सांगितली. महामार्गालगतच्या चारोटी, तलासरी, अच्छाड येथील हॉटेलांना, शस्त्र झाकूनच न्यायचे असल्यामुळे, अमेरिकेसारखी पाटी लावायची वेळ येत नाही. निवडणूक लागली की परवानाधारकांकडून शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, ती निकालानंतर परत मिळतात.

शस्त्र कायद्याने निर्धास्त केलेल्या वस्तूंनीही माणूस मरतो, हे १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दिसले. टाळेबंदीच्या दिवसांत मुले पळवणाऱ्या आणि अवयव काढणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. गावेच्या गावे रात्री काठ्या, कुऱ्हाडी, कोयते घेऊन पहारा देत होती. त्या रात्री वाटेत अडवलेल्या गाडीतील दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांच्या देखत जमावाने ठार मारले. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. तलवाड्यातही रात्र होती, अफवा होती आणि जमाव होता. तिथे मरणारे जमावातले होते, इथे जमावाने मारले. तलवाड्याच्या जमावामागे संघटना होती, आणि पुढे काय करायचे नाही हे सांगणारी माणसे होती. गडचिंचल्यात फक्त भीती होती. परवान्याचा इथे कुठेच संबंध आला नाही.

अशा प्रसंगांसाठी प्रशासनाच्या हाती असलेले जुने साधन म्हणजे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे, कलम ३७. मराठी वर्तमानपत्रांत ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशा मथळ्याखाली जी छोटी बातमी सण, निवडणूक किंवा आंदोलनाच्या तोंडावर येते ती याच कलमाची. त्यातली यादी लांबलचक आहे : शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. जिल्हादंडाधिकारी असा आदेश सहसा एका वेळी १५ दिवसांपर्यंत काढतात. सरकारी कामावरच्या माणसांना तो लागू नसतो आणि ज्यांना चालण्यासाठी काठीचा आधार लागतो त्यांनाही सहसा वगळले जाते. केंद्राच्या कायद्याने नाव घेऊन सोडलेली लाठी या आदेशात नाव घेऊन धरली जाते. आदेश चालू असताना कामावरून घरी निघालेल्या वारल्याला सहसा कोणी हटकत नाही. तोच तहसील कचेरीवरच्या मोर्चात आला की त्याच्या कमरेच्या आकडीकडे, आणि लाल बावटा ज्या काठीला लावला आहे त्या काठीच्या जाडीकडे, बंदोबस्तावरच्या पोलिसाचे लक्ष जाते.